आज कितवी माळ?

कोणत्या साली येऊन पडलात हे कळायला पाट्या शोधत बसू नका. जालन्याच्या कुंडलिका नदीत पाय धुवा, कसब्यात शिरा आणि ज्या घरातून धुपाचा वास येतोय त्या घराच्या ओसरीवर टेका. आत भटजी संकल्प सोडताहेत. हा संकल्प तुम्ही लहानपणापासून ऐकलाय आणि तितक्याच इमानानं कानाआड केलाय. आज मात्र नीट ऐका. जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य. गोदावरीचं उत्तर तीर. शालिवाहन शके १६०१, सिद्धार्थी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध प्रतिपदा. पत्ता मिळाला, तिथी मिळाली. इंग्रजी साल १६७९. जालना मोगलाईत आहे, तख्तावर औरंगजेब आहे आणि त्यानं याच वर्षीच्या एप्रिलात जिझिया पुन्हा बसवलाय.

मस्तगडाकडे बघून किल्ला कुठं गेला म्हणू नका, तो बांधायला अजून सेहेचाळीस वर्षं आहेत. बाजारात झेंडू मागू नका. मेक्सिकोतलं ते फूल या गल्लीत अजून कुणी ओवत नाही; इथं माळेला तरवड आहे, कारळ्याची पिवळी फुलं आहेत, तिळाची पांढरट फुलं आहेत. उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीचा विषयच काढू नका. साबुदाणा नाही, शेंगदाणा नाही, बटाटा नाही, मिरचीचीही खात्री नाही. भगर मिळेल, शिंगाडा मिळेल, दूध मिळेल. आपण ज्याला परंपरेचा फराळ म्हणतो त्यातला निम्मा जहाजातून आलेला आहे, हे एकदा उपाशीपोटी कळलेलं बरं.

तुम्ही कोण, कुठले, हे घरातली म्हातारी विचारत नाही. ती तुमच्या पायांकडे बघते, जोडा काढायला लावते, हातात खुरपं आणि दुरडी देते.

"वावरातून माती आण लेकरा. वरवरची नको. चार बोटं खालची."

भटजी संकल्पाशी थांबलेत, कारण माती यायचीय. माती आल्याशिवाय पुढं काही होत नाही. तुम्ही अनवाणी निघता. हस्ताचा पाऊस दोन दिवसांमागं पडून गेलाय. काळ्या रानाला वरून कोरडी साय धरलीय, पण खुरप्यानं ती उचलली की खाली माती गार आणि दमट लागते. दुरडी भरून आणता. म्हातारी त्यातली एक मूठ घेते, दाबते, मूठ उघडते. ढेकूळ अख्खं राहतं. मग त्याला अंगठा लावते आणि ते भुसभुशीत होऊन फुटतं. "वाफशावर हाय," एवढंच म्हणते. मग ती मातीतून हराळीच्या मुळ्या वेचते, कुंद्याच्या गाठी वेचते, जुनं चाळलेलं शेणखत मिसळते आणि पत्रावळीवर तिचा थर देते. हे सगळं चालू असताना तिच्या तोंडात एकही मंत्र नाही.

नंतर ती उतरंडीकडे जाते. मडक्यावर मडकं, तिसऱ्यात हात घालते. राखेत आणि लिंबाच्या पाल्यात ठेवलेलं बी बाहेर येतं. जवारी, गहू, हरभरा, करडई. फुंकर मारून राख उडवते, किडका दाणा बाजूला टाकते. खरिपातलं ती काही घेत नाही, बाजरी तर खळ्यावर यायला लागलीय. हातात घेतलंय ते सगळं आता पेरायचंय ते, रब्बीचं. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

बी मातीत दडपलं, वरून आणखी मातीचा हात दिला, मधोमध घट ठेवला. कुंभाराकडचा साधा मातीचा घट. घेताना तिनं बोटाच्या पेरानं वाजवून बघितला होता. आत पाणी, सुपारी, नाणं. तोंडाला विड्याची पानं, वर नारळ. आता भटजी मोकळे झाले.

मंत्रांचा क्रम ऐका, कारण घटस्थापना या शब्दाचा अर्थ त्या क्रमात आहे. पहिला मंत्र म्हणताना हात जमिनीला लावायचा, तो भूमीचा. दुसरा धान्याचा, वनस्पतींचा. तिसऱ्याला कलश येतो. चौथ्याला नद्यांची नावं घेत पाणी. मग गंध, दूर्वा, पालवी, सुपारी, पूर्णपात्र. एवढं झाल्यावर कलशात पहिलं आवाहन होतं ते वरुणाचं, म्हणजे पाण्याच्या देवतेचं. जगदंबा त्याच्यानंतर. घरात देवी यायची तर आधी जमीन, मग बी, मग भांडं, मग पाणी असा रस्ता आहे. वैदिक मंत्रांतला हा क्रम आणि म्हातारीच्या हातातला क्रम एकच आहे, फक्त तिनं भटजींच्या आधी तो पुरा केला.

"घटस्थापना झाली," भटजी म्हणतात.

"घट बसला," म्हातारी म्हणते.

पुढचे दिवस या घरात वार आणि तिथी मागं पडतात. कुणी भेटलं की विचारतं, आज कितवी माळ? रोज एक माळ घटावर सोडायची. पहिली बहुतेक घरांत विड्याच्या पानांची, मग फुलांच्या. तुम्हाला सांगितलेलं काम म्हणजे समईत तेल बघणं आणि घटाभोवती बोटानं पाणी शिंपडणं. तेही जपून. कारण भाजलेल्या मातीचा घट स्वतःच पाझरतो. दुसऱ्या माळेला त्याच्या अंगावर घामासारखे थेंब दिसतात आणि खालची माती आपोआप ओली राहते. पाणी जास्त झालं तर बी कुजतं, कमी झालं तर फुगत नाही. घट ते आपल्या आपण सांभाळतो. ही साधी गोष्ट कुणाला सुचली असेल त्याचं नाव कुठल्या पोथीत नाही.

तिसऱ्या माळेला हरभरा टरारतो. चौथ्या माळेला जवारीची सुईसारखी पांढरी टोकं वर येतात. गहू पाठोपाठ. देवघरात उजेड समईचाच, म्हणून पातं हिरवं होत नाही, पिवळंच उंच वाढतं. आठव्या माळेपर्यंत वीतभर. कडाकण्यांचा फुलोरा वर टांगला जातो तेव्हा खाली दाट पिवळं रोप उभं असतं, आणि त्याच्यात एका बाजूला टक्कल. करडई टाकली होती ती जागा.

म्हातारी त्या टकलाकडे बघते, लेकाला हाक मारते.

"करडई मेली. औंदा बी बदलून घे. जवारी चांगली हाय, तीच पेर."

तुम्ही तीनशे वर्षांनंतरचे, तुम्हाला प्रवचनांची सवय. घट म्हणजे देह, आतलं पाणी म्हणजे प्राण, दिवा म्हणजे आत्मा, हे तुम्ही ऐकलेलं असतं आणि ते खोटं नाही. संतांनीही घटाला देह म्हटलंय. पण इथं ओसरीवर बसून जे दिसतं ते त्याहून जवळचं आहे. पेरणीच्या तोंडावर, घरात राखलेल्या बियाण्याची नऊ दिवसांची परीक्षा या घरात देवीच्या साक्षीनं झाली. निकाल लागला आणि त्याप्रमाणे पेरणी ठरली. माझ्या मते घट बसवण्याचा हा पहिला अर्थ आहे. बाकीचे त्याच्यावर उगवलेले.

दसऱ्याला घट उठतो. रोप उपटून आधी देवाला, मग मारुतीला, मग ज्याच्या त्याच्या पागोट्यात. लेक डोक्यात तुरा खोवून सीमोल्लंघनाला जातो, आपट्याची पानं घेऊन येतो. त्याच दिवसात सह्याद्रीच्या बाजूला आणखी पुष्कळ पागोट्यांत असेच तुरे असतील. दसरा झाला की फौजा बाहेर पडायची रीत आहे. दिवाळीनंतर त्यांतली एक फौज इथं येते. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालना लुटलं, चार दिवस लूट चालली. सावकारांनी आपलं धन जान महंमद फकिराच्या ठिकाणी नेऊन ठेवलं होतं, तिथंही मराठे पोचले. परतीच्या वाटेवर मोगलांच्या रणमस्तखानानं गाठलं, मोठी लढाई झाली, सिदोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकानं आडवाटेनं फौज पट्टा किल्ल्यावर नेली. महाराजांची ही शेवटची मोठी मोहीम. आपल्या म्हातारीच्या घरात सोनं नाणं नव्हतंच. उतरंडीतल्या तिसऱ्या मडक्यात कुणी हात घातला असेल असं वाटत नाही.

आता एकशे सोळा वर्षं पुढं या. संकल्प ऐका: शके १७१७, राक्षस नाम संवत्सर. इंग्रजी १७९५. मस्तगडावर किल्ला उभा आहे; निजामुल्मुल्काच्या हुकुमानं काबिलखानानं १७२५ मध्ये बांधलेला. मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झालाय. ऑगस्टात महेश्वरला अहिल्याबाई होळकर वारल्या, त्यामुळं दक्षिणेला अंबडकडे या नवरात्रात तोच विषय असणार. अंबड होळकरांचं, तिथली मत्स्योदरी, माशाच्या आकाराच्या टेकडीवरची, आणि त्या देवळाशी अहिल्याबाईंचं नाव जोडलेलं.

यावेळी तुम्ही एका मठाच्या पडवीत आहात. दोन शास्त्री वाद घालताहेत. एकाच्या मांडीवर निर्णयसिंधु. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये काशीत लिहिलेला. दुसऱ्याकडे धर्मसिंधु, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा, म्हणजे बाबा पाध्यांचा. पुरा होऊन पाच वर्षंच झालेली, शाई अजून काळीभोर. वाद असा की प्रतिपदेला चित्रा नक्षत्र आणि वैधृती योग आला तर स्थापना कधी करायची. रात्री तर करायचीच नाही, यावर दोघांचं एकमत.

तुम्हाला प्रश्न विचारायची मुभा आहे असं समजा आणि विचारा, तिथीचा क्षय झाला आणि आठच दिवस भरले तर नवरात्र मोडलं का? नवीन पोथीवाले शास्त्री हसतात. नवरात्र हे रात्रींच्या मोजणीचं नाव नाही, सांगतात. प्रतिपदेपासून महानवमीपर्यंत जे कर्म करायचं त्या कर्माचं ते नाव आहे. दिवस आठ भरोत नाहीतर दहा. बसल्यापासून उठेपर्यंत करत राहायचं ते नवरात्र. तुम्हाला म्हातारीची बोटं आठवतील, रोज पाणी शिंपडणारी.

पोथी पुढं काय सांगते तेही ऐकून घ्या. शुद्ध मातीची वेदी करावी, तीत जव आणि गहू पेरावेत, तीवर यथाशक्ती सोन्याचा, चांदीचा, तांब्याचा किंवा मातीचा कलश मांडावा. कलश कशाचा यात चार पर्याय आहेत. वेदी मात्र मातीची. तिथं पर्याय नाही. श्रीमंतानं घट सोन्याचा केला तरी त्याला माती आणावीच लागते. उपासातही सवलत आहे: नऊ दिवस झेपत नसेल तर एकभुक्त राहा, म्हणजे एकदाच जेवा, किंवा नक्त करा, म्हणजे रात्रीच जेवा. शास्त्र म्हटलं की आपण कडक चेहरा समोर आणतो. पोथी उघडली की तिच्यात निम्म्या सोयीच निघतात.

इथं रेंगाळू नका. आठ वर्षांनी, २ सप्टेंबर १८०३ ला, इंग्रजांचा कर्नल स्टीव्हन्सन मस्तगडाचा किल्ला घेईल, आणि तीन आठवड्यांनी २३ तारखेला, आजच्या जालना जिल्ह्यातच, असईला वेलस्ली शिंदे आणि भोसल्यांशी लढेल. फौजा जिथून जातात तिथलं उभं पीक जनावरांच्या पोटात जातं. पुढच्या वर्षी दख्खनमध्ये दुष्काळ होता.

आणखी पुढं या. शके १८७०, सर्वधारी संवत्सर. १९४८ चा ऑक्टोबर नुकताच लागलाय. हैदराबादनं शरणागती पत्करली त्याला सोळा सतरा दिवस झाले. लोक त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणताहेत. रझाकारांच्या धाकानं सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात गेलेली माणसं परत येताहेत, देऊळगाव राजाच्या रस्त्यानं बैलगाड्या लागल्यात. कुलूप उघडून घरात शिरलेल्या बाईला घट बसवायचाय आणि उतरंड रिकामी आहे. ती शेजारणीकडं जाते. बी उसनं मिळतं. फेडताना सवाईनं फेडायचं हा जुना करार, कागदाशिवायचा. या आनंदातही सगळ्याच गल्ल्यांत दिवे नाहीत. त्या महिन्यात मराठवाड्यात ठिकठिकाणी मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीनं पुढं त्याची पाहणी करून अहवाल दिला. शाळेच्या पुस्तकात मुक्तिसंग्राम आहे, तो खरा आहे. हेही खरं आहे, आणि तुम्ही त्या गल्लीतून चालताय म्हणून सांगितलं पाहिजे.

चोवीस वर्षं आणखी. या खेपेला संकल्प ऐकू येणार नाही, भटजीच आलेले नाहीत. भिंतीवर खिळ्याला दाते पंचांग टांगलंय, ते उघडा. 'कालनिर्णय' अजून यायचंय. शके १८९४, परिधावी. बहात्तर.

नदी म्हणजे वाळू आहे. आडात घागर सोडली की तळाचा दगड वाजतो. घरातली बाई पहाटे दुष्काळी कामावर जाते, खडी फोडायला. तिनं नऊ दिवस अनवाणी राहायचं बोलून ठेवलंय आणि ते मोडलेलं नाही. दुपारी त्या खडीवर पाय ठेवून बघा. मजुरीसोबत सुकडी मिळते, रेशनवर तांबडी मिलो. मिलोची भाकरी थापताना तुटते. तिला चव नाही म्हणून लोक कुरकुरतात आणि खातात. जालना अजून जिल्हा नाही, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका आहे. जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागेल.

हिला घट बसवायचाय. माती आहे, पण वाफसा नाही. ढेकूळ फुटत नाही, दगडावर आपटावं लागतं. पाणी पळीनं मोजून. आणि बी? उन्हाळ्यात बी खाल्लं गेलं. शेतकऱ्याच्या घरात हे वाक्य मोठ्यानं बोलत नाहीत. घर गहाण पडलं तर चारचौघांत सांगतात, बैल विकला तर सांगतात. बी खाल्लं हे सांगत नाहीत. ती कोनाड्यातलं एक गाठोडं सोडते, त्यात मूठभर जवारी. मागल्या घटाच्या वेळची उरलेली. तेवढीच दडपते.

संध्याकाळी शेजारच्या मास्तरांकडं सप्तशतीचा पाठ असतो, तिथं जाऊन बसा. अकरावा अध्याय येऊ द्या. देवी आपल्या पुढच्या अवतारांविषयी सांगतेय. शंभर वर्षं पाऊस पडणार नाही, तेव्हा मी येईन, शंभर डोळ्यांनी मुनींकडं बघेन, म्हणून मला शताक्षी म्हणतील. आणि पाऊस येईपर्यंत माझ्याच देहातून उगवलेल्या भाज्यांवर सगळं जग जगवीन, म्हणून मी शाकंभरी. एरवी हे नाव आपल्याला पौष महिन्यात आठवतं, शाकंभरी नवरात्रात, साठ भाज्यांच्या नैवेद्याच्या कौतुकापुरतं. बहात्तरच्या ऑक्टोबरात ते ऐकताना समोर बसलेल्या बायकांचे ओचे बघा. नाल्याच्या काठानं, बांधाच्या सावलीनं जे काही हिरवं उरलंय ते त्यांनी येताना खुडून आणलंय. तरोटा, घोळ, तांदुळजा. रात्री ते उकडून मिलोच्या भाकरीबरोबर खायचंय. कुणी न पेरलेलं, जमिनीच्या अंगातून आपोआप आलेलं. कथेत शंभर वर्षांचा अवर्षणकाळ घालणाऱ्याला दुष्काळ ऐकून ठाऊक नव्हता. त्यानं तो बघितला होता, आणि तेव्हा माणसं काय खाऊन तगली तेही बघितलं होतं, असं मला हा अध्याय वाचताना दर वेळी वाटतं.

पाचवी माळ. पळीभर पाण्यावर मूठभर जवारीतली किती आली ते बाई रोज वाकून बघते. विरळ आलीय, पण आलीय. ती मोजत नाही, फक्त म्हणते, "हाय जीव." दसऱ्याला त्यातली चार रोपं देवाला जातील. पाऊस पुढच्या जूनवर.

जुन्या जालन्याच्या या दुष्काळात तुम्हाला एक गोष्ट दिसली नसेल, कारण ती तेव्हा लहान होती. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली होती. सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून, पुसा सावनी या वाणापासून. पुढं संकरित ज्वारी, बाजरी, कापूस. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाल्यांना मिळाला आणि बियाण्यांचं गाव म्हणून जालन्याची देशभर ओळख झाली. ज्या कसब्यात पिढ्यान्‌पिढ्या देवघरात बी तपासलं गेलं, तिथंच त्या तपासणीचा कारखाना व्हावा हा योगायोगच आहे; त्याला उगीच दैवी संकेत करू नका. पण दोन्ही ठिकाणी काम तेच चालतं. प्रयोगशाळेत शंभर शंभर दाण्यांचे गट ओल्या कागदात ठेवतात, ठराविक उबेत ठराविक दिवस, मग कोंब मोजतात. माती नाही, माळ नाही, बाकी सगळं आहे.

बदललं ते बियाण्याचं घर. संकरित बी एकदाच चालतं. त्याच्या पिकाचं बी राखलं तर पुढल्या वर्षी रानात एकसारखं झाड येत नाही. म्हणून उतरंड गेली आणि पिशवी आली. पिशवीतलं बी औषध चोळलेलं, गुलाबी. ते विषारी असतं, ते घटात टाकायचं नाही हे घरोघरी ठाऊक आहे. मग घटात काय जातं? किराण्याच्या दुकानातलं. खायला आणलेला गहू, खायला आणलेला हरभरा. तो उगवतोही. पण त्यातून पेरणीबद्दल काही कळत नाही, कारण पेरायचं बी वेगळ्याच पिशवीत आहे.

आता तुमच्या सालात या. गांधी चमनच्या बाजूनं निघा, नवरात्राचे दिवस आहेत, दुर्गामातेच्या दर्शनाची गर्दी रस्त्यावर आलीय, पोरं ज्योत घेऊन धावत येताहेत, कुणी तुळजापूरहून, कुणी अंबडहून. हातगाड्यांवर घट आहेत. ऑइलपेंटनं रंगवलेले, कुंदन चिकटवलेले. देखणे आहेत. रंग दिला की घट पाझरत नाही, आणि पाझरला नाही की मातीवर वरून पाणी ओतावं लागतं, मग पाचव्या माळेला बुरशी येते आणि घरातलं कुणीतरी अपशकुन झाला म्हणून धास्तावतं. अपशकुन नाही तो, रंग आहे. शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत 'घटाची माती' विकायला आहे, सात धान्यांची पुडीही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दुसरं काय करावं, हा प्रश्न रास्त आहे. तरी जुन्या जालन्यातून कुठल्याही दिशेनं थोडं बाहेर पडलं की काळं रान लागतं.

तेव्हा येत्या आश्विनात एवढं करा. घट बिनरंगाचा घ्या आणि वाजवून घ्या. माती कुणाच्या तरी वावरातली, विचारून, चार बोटं खालची आणा. घरी किंवा नात्यात कुणी शेती करत असेल तर त्यांनी रब्बीला घरचं राखलेलं बी, औषध न लावलेलं, त्यातला गहू किंवा हरभरा मागून घ्या आणि बरोबर शंभर दाणे मोजून घटाभोवती दडपा. दसऱ्याला घट उठवताना रोपं मोजा. गहू आणि हरभरा यांच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८५ टक्के असावी लागते. त्याहून बरीच कमी भरली, तर गोणपाटावर आणखी शंभर दाणे टाकून एकदा पडताळा घ्या, आणि तरीही कमीच आली तर त्यांना फोन करून सांगा की यंदा बी बदला. पेरणीला अजून वेळ असतो.